जीपचा पुढचा बंपर घरी बनवताना: चिखलातून गाडी ओढून काढेल असा

पहिला जोरदार पाऊस झाला की तापीकाठच्या काळ्या मातीचं काय होतं, हे चोपडा, यावल, रावेरकडे कुणाला सांगावं लागत नाही. केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या वावरात नेलेली जीप शिवाररस्त्यावर फसते आणि बघता बघता चिखल हबपर्यंत येतो. मग ट्रॅक्टर बोलावतात, साखळी आणतात आणि ती बांधायला जागा शोधतात. जागा सापडत नाही म्हणून कुणी पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हलत्या शॅकलला गुंडाळतो, कुणी एक्सलला, कुणी सरळ बंपरलाच. ट्रॅक्टरने हिसका दिला की बंपर निघून येतो आणि गाडी आहे तिथेच राहते.

घरी बंपर बनवणारे बहुतेकजण आधी त्याचं रूप ठरवतात: नळ्या किती, दिवे किती, टोकं कशी वळवायची. माझं मत उलट आहे. बंपरचं खरं काम चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीला, जोडलेल्या दोन ओढायच्या पट्ट्यांवर होतं. त्या दोन पट्ट्या नीट झाल्या तर मधे साधं चॅनल (इंग्रजी C च्या आकाराची लोखंडी तुळई) असलं तरी गाडी निघते. त्या कच्च्या राहिल्या तर वर कितीही लोखंड चढवा, उपयोग नाही. म्हणून या लेखात पट्ट्यांवर जास्त वेळ घालवणार आहे आणि शोभेच्या गोष्टी भराभर उरकणार आहे.

हा बंपर कोणत्या गाडीला

हे मार्गदर्शन स्वतंत्र चॅसिस असलेल्या, पाट्यांवर चालणाऱ्या, एअरबॅग नसलेल्या जुन्या फोर बाय फोर जीपसाठी आणि त्याच घडणीच्या पिकअपसाठी आहे. एअरबॅगच्या गाडीला हे करूच नका. तिच्या पुढच्या भागाने ठरलेल्या पद्धतीने चुरगळणं हे तिच्या सुरक्षेचं गणित असतं आणि एअरबॅगचे सेन्सरही त्याच हिशोबाने बसवलेले असतात. पुढे कडक लोखंड लावलं की ते गणित बिघडतं.

कायद्याचंही स्पष्ट समजून घ्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ चा, म्हणजे नोंदणीतल्या गाडीत परस्पर बदल करण्याच्या मनाईचा. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. कडक बारची धडक पायी चालणाऱ्याला आणि दुचाकीवाल्याला फार महागात पडते. म्हणून हा बंपर वावरासाठी, खाजगी जागेसाठी आणि बंदिस्त ऑफ-रोड ट्रॅकसाठी. सडकेवर निघायचं तर हा काढायचा आणि मूळ बंपर परत लावायचा. त्यामुळे पहिली अट अशी की सगळी जोडणी बोल्टची हवी, चॅसिसला वेल्डिंगचा एक टाकासुद्धा नको. ही अट चॅसिसच्याही हिताची आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने चॅसिसचं पोलाद टाक्याच्या कडेला कमजोर होतं आणि पुढे तिथूनच तडा जातो.

मापं घेताना

गाडी सपाट जागेवर उभी करा, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवा आणि जुना बंपर उतरवा. चॅसिसची दोन्ही टोकं तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. तडे, जुने वेल्डिंग, वाकलेली कड, गंजून पातळ झालेली भिंत, सगळं आत्ताच दिसलं पाहिजे. हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर आधी चॅसिसचं काम करा, बंपर नंतर.

आता चार मापं लिहून घ्या. दोन्ही चॅसिस पट्ट्यांमधलं बाहेरून बाहेर अंतर, चॅसिस पट्टीची उंची, आधीपासून असलेल्या भोकांच्या जागा आणि जमिनीपासून टोकाची उंची. दोन्ही टोकांमध्ये सुतळी ताणा आणि ओळंबा सोडून टोकं एका रेषेत आहेत का ते पाहा. जुन्या गाडीत एक टोक थोडं मागे किंवा खाली असणं नेहमीचं आहे. तो फरक वहीत टिपा, कारण ओढायची पट्टी कापताना तोच कामाला येतो.

चढणीचा कोन, म्हणजे बंपर न टेकता गाडी किती उभ्या चढावर चढेल, तो इथेच ठरतो. टायर जमिनीला टेकतो तिथपासून बंपरची खालची कड समजा ६० सेंटीमीटर पुढे आणि ५५ सेंटीमीटर उंच आहे, तर ढोबळ कोन ४२ अंशांचा येतो. हाच बंपर १५ सेंटीमीटर पुढे आणि १० सेंटीमीटर खाली बनवला, तर कोन ३१ अंशांवर येतो. बांध किंवा नाल्याची कड चढताना हा फरक लगेच कळतो. बंपर चाकाजवळ, आखूड आणि उंच ठेवा.

पुठ्ठ्याचा साचा केल्याशिवाय लोखंडाला हात लावू नका. रावेर, सावद्याकडे केळीच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा सहज मिळतो, तो यासाठी उत्तम. चॅनलच्या आणि पट्ट्यांच्या मापाचे तुकडे कापून चिकटपट्टीने गाडीवर बसवा. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर पुठ्ठ्याला लागतो का पाहा. उजव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्सच्या आर्मची वाट मोकळी आहे का, हेही तेव्हाच बघा. एका चाकाखाली लाकडी ठोकळे घालून पाटा दाबला जाईल असं करा आणि पुन्हा फिरवून पाहा. पाट्याच्या शॅकलला हलायला जागा राहिली पाहिजे.

माल

मधल्या तुळईला १०० बाय ५० मिमीचं चॅनल घ्या. त्याचं वजन मीटरला सुमारे साडेनऊ किलो, म्हणजे १.४ मीटरला तेरा किलोंच्या वर. ओढायच्या पट्ट्यांसाठी १६ मिमी जाडीची, ८० मिमी रुंद फ्लॅट पट्टी, आयएस २०६२ (साध्या बांधकामी पोलादाचं भारतीय मानक) ची. कोणत्याही प्लेटचं वजन काढायचं साधं सूत्र असं: लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, तिन्हींचा गुणाकार करून त्याला ७.८५ ने गुणा, किलो मिळतात. अशा ४२० मिमी लांब पट्टीचं वजन सव्वाचार किलोंच्या आसपास येतं. सगळं मिळून बंपर तीस-बत्तीस किलोंच्या पुढे जाऊ देऊ नका. पुढचे पाटे जुने असतील तर जास्तीचं वजन गाडीचं नाक खाली आणतं आणि चिखलात नाक जड असलेली गाडी लवकर फसते.

भंगारातून माल घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी टाळा. एक, गाडीचे जुने पाटे. ते चिवट दिसतात, पण त्यात कार्बन जास्त असतो. साध्या रॉडने वेल्डिंग केलं की टाक्याच्या कडेला ते ठिसूळ होतं आणि झटक्याला काचेसारखं तुटतं. दुसरी, बोअरवेल आणि पाइपलाइनची जीआय नळी. आपल्याकडे ती ढिगाने पडलेली असते म्हणून मोह होतो. तिच्यावर जस्ताचा थर असतो, वेल्डिंगच्या आचेने त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वापरायचीच असेल तर टाक्याच्या जागेचं जस्त पूर्ण घासून काढा आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा.

बोल्ट एम १२, ८.८ ग्रेडचे. डोक्यावर ८.८ कोरलेलं नसेल तर घेऊ नका. असा एक बोल्ट सरळ ताणात सुमारे ४९ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास पाच टनांचा भार, बोल्ट कायमचा लांब न होता, सोसतो. आडव्या कातरीत त्याची ताकद ताणापेक्षा बरीच कमी, साधारण साठ टक्के धरा. गाडी चॅसिसपर्यंत चिखलात बसली असेल तर ओढायला तिच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर लागू शकतो, आणि हिसका दिला तर त्याहून जास्त. म्हणून प्रत्येक बाजूला किमान तीन, जागा असेल तर चार बोल्ट लावा.

ओढायच्या दोन पट्ट्या

हा या कामाचा जीव आहे. बाजारात दिसणाऱ्या अनेक बंपरांत ओढायचा हूक बंपरच्या तोंडावर नुसता टेकवून वेल्डिंग केलेला असतो. सगळा जोर त्या एका टाक्यावर येतो. आपण एकच अखंड पट्टी वापरायची. तिचं मागचं टोक चॅसिसला बोल्टने बसेल, मधला भाग चॅनलमधून आरपार जाईल आणि पुढच्या टोकाला ओढायचा शॅकल (आडव्या पिनची लोखंडी कडी) अडकेल. जोर पट्टीतून सरळ चॅसिसमध्ये जातो. चॅनलने फक्त दोन पट्ट्या जागेवर धरून ठेवायच्या.

४२० मिमी लांबीत मागचे २५० मिमी चॅसिसच्या बाहेरच्या बाजूला बसतील. त्यापुढे थोडी मोकळी जागा, मग चॅनलचे ५० मिमी, आणि पुढे ८० मिमी बाहेर. तुमच्या गाडीच्या मापाप्रमाणे मधली मोकळी जागा कमी-जास्त होईल. पुढचं टोक ४० मिमी त्रिज्येने गोल करा आणि त्या गोलाच्या मध्यावर २२ मिमीचं भोक पाडा. यात सव्वातीन टनांचा शॅकल बसतो. त्याची पिन १९ मिमीची असते. हे भोक गॅस कटिंगने पाडू नका, कारण गॅसने कापलेली कड खडबडीत आणि कडक होते आणि तडा तिथूनच सुरू होतो. हाताच्या ड्रिलने १६ मिमी जाड पट्टीत एवढं भोक सरळ जात नाही. लेथवाल्याकडे पिलर ड्रिल असतं, त्याच्याकडून पाडून घ्या. भोकाच्या दोन्ही कडा फाइलने मारा. शॅकलचा जबडा सुमारे २७ मिमी रुंद आणि पट्टी १६ ची, म्हणून दोन्ही बाजूंना ४ मिमी जाडीची गोल चकती वेल्डिंग करून मग भोक पाडलं तर शॅकल तिरका होत नाही.

चॅसिसमधली भोकं फक्त उभ्या भिंतीत, उंचीच्या मधल्या भागात पाडा. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला अजिबात भोक नको, कारण वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. जुनी भोकं चालत असतील तर तीच घ्या. नवीन भोकासाठी सेंटर पंच, आधी ६ मिमी, मग १३ मिमी. भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत किमान २५ मिमी ठेवा. आतल्या बाजूने ८ मिमीची आधाराची पट्टी लावायची. तिची भोकं मुख्य पट्टीबरोबर एकत्र क्लॅम्प करूनच पाडा, म्हणजे बोल्ट सरळ जातात.

टोकाशी चॅसिस पेटीसारखं बंद असेल तर बोल्ट आवळताना भिंती आत दबतात. आज घट्ट वाटतं, महिन्याने बोल्ट ढिला निघतो. उपाय म्हणून प्रत्येक बोल्टवर जाड भिंतीच्या नळीचा तुकडा आत बसवा, लांबी आतल्या रुंदीइतकी. हे काम किचकट आहे, हात आत जात नाही. तुकड्याला बारीक तार बांधून टोकातून आत सरकवला आणि बोल्टने पकडला की बसतो. वेळ लागला तरी हे सोडू नका.

चॅनल बसवणं

चॅनलची पाठ पुढे आणि उघडी बाजू गाडीकडे. पाठीत दोन खाचा, ८० मिमी उंच आणि १७ मिमी रुंद. चारही कोपऱ्यांवर आधी ६ मिमीची भोकं पाडा आणि मग ग्राइंडरने मधलं कापा, म्हणजे कोपरा गोल राहतो आणि तिथून चीर पुढे जात नाही. ग्राइंडरचं गार्ड काढून चकती चालवायची सवय आपल्याकडे फार आहे. फुटलेल्या चकतीचा तुकडा तोंडावर येतो, म्हणून गार्ड आणि चष्मा दोन्ही हवेत.

चॅनलची दोन्ही टोकं खालून ४५ अंशांत तिरकी कापा आणि ४ मिमीच्या प्लेटने बंद करा. खालच्या बाजूला पाणी जायला १० मिमीची भोकं ठेवा. उघडी, धारदार टोकं कुणाच्याही मांडीला लागतील अशी ठेवायची नाहीत.

आता पट्ट्या गाडीला बोल्टने लावा, हाताने आवळलेल्या असू द्या. चॅनल त्यांच्यावर सरकवा, खाली जॅक किंवा ठोकळे लावा. गुण्याने काटकोन पाहा आणि दोन्ही टोकांपासून मागच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत तिरकी मापं घ्या. दोन्ही सारखी आली की चॅनल आणि पट्ट्यांना टाके मारा. टाके मारण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, अल्टरनेटरचंही कनेक्शन काढा आणि अर्थिंगचा क्लॅम्प बंपरवरच, टाक्याच्या जवळ लावा. रेडिएटरपुढे ओलं गोणपाट धरा.

वेल्डिंग

टाके मारले की सगळा सांगाडा उतरवून जमिनीवर घ्या. पण त्याआधी दोन्ही पट्ट्यांच्या मागच्या टोकांमध्ये एक अँगलचा तुकडा टाक्यांनी पक्का करा. हा टेकू फार महत्त्वाचा आहे. पुढे वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि दोन्ही पट्ट्या आत ओढल्या जातात. तीन-चार मिलिमीटर जरी आत आल्या तरी बंपर चॅसिसवर सरकत नाही आणि मग लोक घण घालून बसवतात. टेकू असेल तर अंतर टिकतं. सगळं पूर्ण गार झाल्यावरच तो कापा.

दहा नंबरचा म्हणजे ३.१५ मिमीचा ६०१३ रॉड बहुतेक कामाला पुरतो, ९० ते १३० अँपिअरच्या दरम्यान. ओढायच्या पट्ट्यांसाठी मी ७०१८ लो हायड्रोजन रॉडच सुचवेन. तो कोरडा असला पाहिजे. पावसाळ्यात उघड्या पुडक्यातला रॉड ओल धरतो आणि टाक्यात हायड्रोजन जाऊन नंतर तडा पडतो. फॅब्रिकेशनवाल्याकडे ओव्हन असेल तर रॉड तिथून गरम घ्या. ही सोय नसेल तर फक्त पट्ट्यांचे टाके जाणत्या वेल्डरकडून जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत करून घ्या आणि बाकीचं घरी करा. त्यात कमीपणा काही नाही.

शेतावरच्या लायनीवर व्होल्टेज पडतं, त्यात लांब बारीक वायर लावली तर मशीन आकडा १२० दाखवतं पण आर्क थंडच राहतो. टाका वरून मोठा दिसतो आणि खाली चिकटलेलाच नसतो. जाड वायर वापरा, मशीन मीटरजवळ ठेवा आणि आधी त्याच जाडीच्या दोन भंगार तुकड्यांवर टाका मारून, शिकंजात धरून, हातोडीने मोडून बघा. आत काळी पोकळी किंवा मळी (स्लॅग) दिसली तर करंट किंवा हात बदलायला हवा.

पट्टी चॅनलच्या पाठीला पुढून आणि मागून, तसंच वरखालच्या बाजूंना आतून, अशी चारही अंगांनी बांधायची. पाच-सहा मिलिमीटरचा कोपऱ्याचा टाका, एका वेळी ४०-५० मिमी लांब, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे. प्रत्येक टाक्यावरची मळी उडवून ब्रश मारा, मग पुढचा. पाणी ओतून थंड करू नका. शेवटी प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंना ८ मिमीची त्रिकोणी कानपट्टी द्या. तिरक्या ओढीत पट्टी वाकू नये याची काळजी तीच घेते.

मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उन्हात ठेवलेल्या चॅनलला हात लावता येत नाही. काम पहाटे सुरू करून दहा-अकराला थांबवा. वेल्डिंगची काच दहा किंवा अकरा नंबरची असावी आणि टाक्याकडे बघणाऱ्या पोरासोरांना दूर ठेवा.

टाके तपासायला जुनी, खात्रीची रीत आहे. टाक्यावर रॉकेल लावा, थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल बाहेर येऊन भुकटीवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर वरून टाका चढवू नका. ग्राइंडरने तळापर्यंत खोदून पुन्हा भरा.

नळी, दिवे आणि रंग

रेडिएटरसमोर संरक्षणाला एक कमान पुरे. ४८ मिमी बाहेरच्या व्यासाची, ३.२ मिमी जाडीची काळी नळी मीटरला साडेतीन किलोंच्या आसपास भरते. ती बेंडरवर वाकवून घ्या. वाळू भरून आचेवर वाकवायचं असेल तर वाळू पूर्ण कोरडी हवी, ओल्या वाळूची वाफ टोक उडवते. ग्रिलसमोर आडव्या पट्ट्या आणि दिव्यांची रांग लावून हवा अडवू नका. आपल्या उन्हाळ्यात, लो गिअरमध्ये, चढणीला इंजिन तापायला तेवढं निमित्त पुरतं. मूळ हेडलाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये.

रंगासाठी तारेचा ब्रश, थिनरने पुसणं, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर एनॅमल. पट्टी चॅसिसला टेकते त्या जागेवर रंग फक्त पातळ ठेवा. जाड थर पुढे दबतो आणि बोल्ट ढिले पडतात.

बसवणं आणि ओढून पाहणं

बोल्टखाली जाड वॉशर, वर नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्याने सहज ढिला न होणारा). ८.८ च्या एम १२ ला सुमारे ८० न्यूटन मीटर टॉर्क द्या. मग प्रत्येक नट आणि पट्टीवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटते, लांबूनही दिसते.

पहिली ओढ कोरड्या सपाट जागेवर घ्या. दोन्ही शॅकलला एकच लांब पट्टा घाला, मध्यावरून ट्रॅक्टरकडे, आणि मधला कोन ६० अंशांपेक्षा कमी राहील इतका पट्टा लांब घ्या. एकाच बाजूने तिरकं ओढलं तर चॅसिसचं टोक वाकतं. गाडीला ब्रेक लावून ट्रॅक्टरने हळूहळू ताण द्या, हिसका नाही. तारेच्या दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका, म्हणजे दोर तुटला तरी झेप कमी होते. दोराच्या रेषेत आणि त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही उभं राहू नये, ट्रॅक्टरवाल्याच्या मागेसुद्धा.

ताण सोडल्यावर रेघा, कानपट्ट्यांच्या कडा आणि चॅसिसमधली भोकं बॅटरीच्या उजेडात बघा. भोक लांबट झालं असेल तर बोल्ट पुरेसे नाहीत किंवा आतली नळी बसलेली नाही. पहिले काही दिवस वावरात फिरवून बोल्ट पुन्हा टॉर्क करा आणि त्यानंतर दर पावसाळ्याआधी, मृगाच्या सुमारास, बंपर पूर्ण उतरवून पट्टीमागचा गंज घासा, रंग लावा, नायलॉक नट नवे घाला.